आठाची पोळी दहाला

संध्याकाळी सात वाजले की हैदराबादेत, अंबरपेठच्या आमच्या गल्लीतली माणसं माझ्या खिडकीशी औषधाला आल्यासारखी येतात. इकडची घरं भाताची. सकाळी भात, रात्री भात, पाहुणा आला तर जरा जास्त भात. मग पन्नाशीच्या आसपास डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघतो आणि सांगतो, शुगर आलीय, रात्रीचा भात बंद, चपाती खा. ज्या घरात पोळपाटच नाही त्या घरातला माणूस मग तोंड पाडून, डबा घेऊन माझ्याकडे येतो. "दोनच द्या अम्मा, डॉक्टरनी दोनच सांगितल्यात," म्हणतो आणि पोळ्यांकडे अशा नजरेनं बघतो की मलाच अपराधी वाटावं. माझा धंदा साखरेवर चालतो असं मी म्हणते. पोळीतल्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या रक्तातल्या.

मी मूळची नांदेडकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासरे सरकारी नोकरीत होते, पुढं नवराही हिशेब खात्यात लागला. मुलगी कॉलेजात जायला लागली आणि दुपारचं घर मला खायला उठायला लागलं. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात जेवण होतं, खिरीबरोबरच्या पोळ्यांचं काम माझ्याकडे आलं. त्या खाऊन शेजारच्या तेलुगू बाईंनी विचारलं, "रोज करून देता का?" त्यांच्या नवऱ्याला नुकतीच शुगर निघाली होती. तिथून सुरुवात झाली. रस्त्याकडची खोली रिकामी केली, खिडकीला फळी ठोकली, मोठा तवा आणला, लाटायला दोन बायका ठेवल्या. एक देगलूरच्या, माझ्याहून वयानं मोठ्या, लाटण्याबरोबर तोंडही चालू. दुसरी इथलीच तेलुगू. ती दिवसभरात फार तर चार शब्द बोलायची, त्यातही बहुतेक "पीठ संपलं" एवढंच.

पोळी घडीची, तेल लावलेली, आठ रुपयांना. सोबत शेंगदाण्याच्या चटणीची बारकी पुडी फुकट. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि मला वाटायचं, असंच चालत राहणार.

मग एका वर्षी सगळ्यांनी मिळून माझ्याविरुद्ध ठरवल्यासारखं केलं. आधी दुकानाचा सिलिंडर वाढला. मग तेल. मग पीठ. तेलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ऊपर से बढ़ा, अम्मा." पीठवाला म्हणाला, "ऊपर से." सिलिंडरवाल्यानं तोंडही उघडलं नाही, नुसतं बोट आकाशाकडे केलं. हा वरचा कोण आणि कुठं बसतो, कुणालाच माहीत नव्हतं. पण प्रत्येकाला कुणीतरी वरचा होता. मला नव्हता. माझ्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीनं वरची म्हणजे मीच.

एका दुपारी देगलूरच्या बाई कणीक तिंबता तिंबता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, घरमालकानं भाडं वाढवलं."

"अगं बाई," मी म्हणाले.

"हिच्याही." त्यांनी दुसरीकडे मान केली. दुसरीनं लाटणं न थांबवता होकार दिला.

पुढचं वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नाही. मलाही ते ऐकायचं नव्हतं. "कणीक जरा सैल वाटतेय का?" असं काहीतरी बोलून मी आत गेले. पण पळून किती पळणार? त्या दोघी पाच फुटांवर बसल्या होत्या.

रविवारी घरात बैठक बसली. नवरा तोवर रिटायर झालेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढलेला माणूस, घरात आक्षेप काढायला काही मिळेना म्हणून कासावीस झालेला. त्यांना मी म्हणाले, "अहो, एक पोळी आपल्याला कितीला पडते ते सांगा," तर चेहरा उजळला. चौकशीला आलेल्या फौजदारासारखे ते तव्याजवळ उभे राहून जबान्या घ्यायला लागले. किलोत पोळ्या किती, तेल किती, सिलिंडर किती दिवस. दुपारी जेवताना निकाल सांगितला.

"एक पोळी सात रुपये नव्वद पैशांना पडते. दहा पैसे नफा आहे."

"त्यात काय काय धरलंत?"

"पीठ, तेल, गॅस, दोघींचा पगार, लाईट, चटणी आणि पोळपाट-लाटण्याचा घसारा."

"लाटण्याचा घसारा?"

"झिजतं ना ते."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी झिजत नाही का? माझी मजुरी कुठाय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू तर घरचीच आहेस."

मुलीनं मोबाइलमधून मान वर काढली. "पप्पा, राँग आन्सर."

ते उठून आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा आवाज बराच खाली आलेला होता. "तुला धरलं तर साडेदहा पडते," ते म्हणाले.

म्हणजे चटणीची पुडी धरून मी प्रत्येक पोळीबरोबर अडीच रुपये पदरचे देत होते. लोक मला "अम्मा" म्हणायचे ते उगीच नाही.

मुलीचं म्हणणं वेगळं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची कंपनी आहे. ती ऑनलाइन विकणाऱ्यांना वस्तूंच्या किमती ठरवून देते. खरं तर मशीन ठरवतं आणि मुलगी मशीनवर लक्ष ठेवते. ती म्हणाली, "मम्मी, तू फिक्स रेट कायकू ठेवतेस? डिमांड बघ. सात ते नऊ पीक अवर. तेव्हा पोळी बाराला. साडेनऊनंतर सहाला."

"मग सगळे साडेनऊलाच येतील."

"नाही येणार. भूक लागलेली असते ना."

"सहा रुपये वाचत असतील तर माणूस भूक मारून बसतो, बाळा. मी बसले असते."

"ते तू. कस्टमर वेगळा असतो."

कस्टमर म्हणजे कोण ते तिला कधी खिडकीतून दिसलं नव्हतं. मशीनलाही दिसत नसावं.

पण भाव वाढवायला खरी अडचण घरात नव्हतीच, ती रस्त्यापलीकडे होती. समोर एक करी पॉइंट आहे. या शहरात अशी दुकानं गल्लोगल्ली असतात. लोक भात घरी लावतात आणि वरण, सांबार, भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून विकत नेतात. समोरची बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. ती रांधायची, तिचा नवरा पिशव्या भरायचा. वर्षानुवर्षं तिचं पातळ आणि माझं कोरडं असं सुखानं चाललं होतं. पण वर्षभरापूर्वी तिनंही पुल्के सुरू केले. साधा फुलका, तेल नाही, घडी नाही. भाव? आठ रुपये. मी दहा केले आणि ती आठवरच राहिली, तर माझी रांग रस्ता ओलांडून तिकडे जाणार हे कळायला मशीन लागत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, तिनं वाढवायची वाट बघायची. तिलाही तेच पीठ, तोच गॅस. आज ना उद्या वाढवेलच. फक्त तिनं वाढवले की आपल्याला लगेच कळलं पाहिजे. माझ्या खिडकीतून तिचा खडूनं लिहायचा बोर्ड दिसायचा, पण आकडे वाचता यायचे नाहीत. तेव्हा मी नवऱ्याला हेरगिरीला पाठवलं.

"नुसतं बघून येऊ नका," मी बजावलं, "संशय येईल. काहीतरी घेऊन या."

माणूस सरळ. ते रोज संध्याकाळी समोर जायचे, बोर्ड डोळे भरून वाचायचे, आणि संशय येऊ नये म्हणून गोंगुऱ्याची भाजी घेऊन यायचे. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी. "दुसरं काही घ्या की," म्हटलं तर म्हणाले, "रोज वेगळं घेतलं तर लक्षात राहीन." आमचा फ्रीज अंबाडीनं भरला. मुलगी म्हणाली, माझ्या घामालाही आता गोंगुऱ्याचा वास येतो. आणि बातमी रोज एकच: आठ.

गंमत अशी की त्याच दिवसांत करी पॉइंटवालीचा नवरा आमच्याकडे रोज यायला लागला होता. दोन पोळ्या घ्यायचा, माझ्या फळीवरचा भावाचा कागद बराच वेळ वाचायचा आणि जायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला शुगर झाली असणार. मी त्याला चटणीची एक पुडी जास्त द्यायची.

वाट बघून पैसे येईनात, तेव्हा मी भाव न वाढवता वाढवायचा ठरवला. दोघींना म्हटलं, "उंडे जरा लहान करा." देगलूरच्या बाईंनी केला, लाटला, आणि पोळी आपली नेहमीएवढीच! उंडा लहान म्हणून त्यांनी ती पातळ लाटली होती. "हात ऐकत नाही ताई," त्या म्हणाल्या, "हाताला माप माहीत आहे."

त्या संध्याकाळी पहिले आले ते वकीलसाहेब. हे आमचे जुने गिऱ्हाईक. इथं पिढ्यानपिढ्या राहिलेलं मराठी घराणं, सगळे सरकारी नोकरीत नाही तर वकिलीत. शाळा जामबागेत, घर आधी हिमायतनगरला, आता आमच्या मागच्या गल्लीत फ्लॅट. मराठी बोलतात पण दर तिसरा शब्द उर्दू, आणि आठ रुपयांच्या पोळीबद्दलही हायकोर्टात उभे असल्यासारखे बोलतात. त्यांनी पाकिटातून पोळी काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली.

"बाई, गुस्ताखी माफ. पण यातून मला समोरच्या दुकानाचा बोर्ड वाचता येतोय."

मला म्हणावंसं वाटलं, किती लिहिलंय ते तेवढं सांगा.

शुगरवाले मात्र खूश झाले. एका काकांनी पोळी तळहातावर तोलली, आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टरनी दोन सांगितल्यात. पण ह्या दोनाच्या दीडच होतात. मग तीन चालतील ना?" ही बातमी त्यांच्या पार्कातल्या मंडळींत पसरली. सगळे तीन-तीन न्यायला लागले. पोळ्या जास्त खपल्या, पण नवऱ्याच्या हिशेबानं प्रत्येक पोळीमागे तोटा होता, म्हणजे आम्ही तोटा जास्त विकत होतो. शिवाय कुणाची साखर वाढली तर पाप माझ्या डोक्यावर. मी उंडे पूर्ववत केले.

मग चटणी बंद करून बघितली. एकच संध्याकाळ. तेवढ्यात मला कळलं की निम्मी माणसं पोळीसाठी येतच नव्हती. एका बाईंनी पोळ्या परत केल्या. एका मुलानं विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. आणि वकीलसाहेब काठी टेकून म्हणाले, "बाई, हा सरासर अन्याय आहे. अहो, सरळ भाव वाढवला असतात तर मी एक हर्फ बोललो नसतो. माणसानं उघड्यावर लुटावं."

दुसऱ्या दिवशी चटणी परत आली. उघड्यावर लुटायला मात्र अजून धीर होत नव्हता.

अशात एका दुपारी, तवा थंड असताना, करी पॉइंटवाली स्वतः रस्ता ओलांडून आली. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना लांबूनच मान डोलवायचो. ती सरळ आत आली आणि पिठाच्या डब्यावर बसली.

"अक्का, तुमारे साब रोज आते. बोर्ड पढ़ते, गोंगुरा लेके जाते. इत्ता गोंगुरा कौन खाता?"

नवरा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते. पेपर हळूच चेहऱ्याच्या वर सरकला.

मी म्हणाले, "और तुमारे साब? उनको शुगर है ना?"

"कायकी शुगर! मैं भेजती उनकू, तुमारा रेट देखने. घर में कोई पोळी नई खाता. गाय कू डालती मैं."

माझ्या पोळ्या, चटणीसकट, गाय खात होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि असं हसू फुटलं की देगलूरच्या बाई मागच्या खोलीतून धावत आल्या. मी चहा टाकला. तिनं सांगितलं, तीही माझीच वाट बघत होती. तिच्याही सिलिंडरवाल्यानं आकाशाकडे बोट केलं होतं. तिच्याही घरी रोज भांडणं होत होती.

"दोनों मिलके बढ़ाएंगे," ती म्हणाली. "सोमवार कू. तुम भी दस, मैं भी दस. पब्लिक किदर जाती?"

पेपरामागून आवाज आला, "हे बेकायदेशीर आहे. याला कार्टेल म्हणतात."

"क्या बोल रहे?" तिनं विचारलं.

"कुछ नई," मी म्हणाले. "चाय मंगा रहे."

ठरलं. लाटणाऱ्या दोघींना मी त्याच दिवशी सांगून टाकलं की पहिल्या तारखेपासून पगार वाढेल. रविवारी मुलीनं तीन भाषांत नोटीस तयार केली. तेलुगू आणि हिंदी चांगलं आलं. मराठी ती बोलते तशीच लिहिते आणि लिहिते ती फोनवर. सोमवारी सकाळी नोटीस फळीवर लागली आणि गल्लीतले मराठी लोक ती वाचून हसत निघून जायला लागले. मला कळेना. संध्याकाळी वकीलसाहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "सोमवारपासून पोळीचे भाऊ वाढले आहेत." मग गंभीरपणे विचारलं, "मुबारक हो, बाई. एकूण किती झाले?"

"दोन," मी म्हणाले. "आठाचे दहा."

त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना त्यांच्याच बोलण्याची आठवण करून दिली, उघड्यावर लुटायचं. ते म्हणाले, ती एक मिसाल होती, म्हणून काय कुणी अमल करतं? पाव तास त्यांनी सन्मानानं, मुद्देसूद भांडण केलं. मागे रांग थांबली होती. शुगरवाल्यांनी मात्र मुकाट दहाच्या हिशेबानं पैसे दिले. औषधाचा भाव कोण विचारतं? शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "ठीक. मग मी समोरून घेईन."

"जा की," मी म्हणाले. "तिकडेही दहाच आहे."

ते गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी बोर्ड वाचला, माझ्याकडे वळून काठी उंचावली, आणि रांगेत उभे राहिले.

तिथं आठच होतं.

नवरा धावत जाऊन बघून आले, या वेळी गोंगुरा न घेता. सकाळी तिच्या नवऱ्यानं दहा लिहिलं होतं म्हणे, पण पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याच्या कपाळावर आठी पडली, आणि ह्याचा धीर सुटला. त्यानं अंगठ्यानं दहा पुसून परत आठ केलं. "कार्टेल नेहमी असंच मोडतं," नवरा म्हणाले. त्या क्षणी ते पुस्तकी ज्ञान मला अजिबात गोड लागलं नाही.

तो आठवडा वाईट गेला. जवळच्या हॉस्टेलची मुलं गेली, नवीन लग्न झालेली जोडपी गेली. सात वाजता माझ्या खिडकीशी फक्त पथ्यवाले, आणि समोर ही गर्दी. उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी व्हायची, दुपारी लाडू व्हायचे. मुलीनं ऑफिसात लाडू वाटले. त्यातच पहिली तारीख आली. मी वाढीव पगार हातात घेऊन उभी राहिले. देगलूरच्या बाईंनी समोरची गर्दी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, आमचं राहू द्या. पुढच्या महिन्यात बघू."

तेव्हा दुसरी, आयुष्यात कधी न बोलणारी, लाटणं खाली ठेवून स्पष्ट तेलुगूत म्हणाली, "पुढच्या नाही. ह्याच महिन्यात. मोठ्या मनाची तू असशील, माझा घरमालक नाही."

मी दोघींनाही दिले. देगलूरच्या बाईंनी, मोठं मन जरा बाजूला ठेवून, मोजून घेतले.

नवरा म्हणाले, परत आठवर ये. मुलगी म्हणाली, सातवर जा, समोरचीला संपवून टाक, तिच्या कंपनीत असंच करतात. मी म्हणाले, मी कुणाला संपवणार नाही आणि परतही येणार नाही. साडेदहाची वस्तू दहाला देते, यापेक्षा कुणी खाली जात असेल तर जाऊ दे. बोलले ठामपणे. मग आत जाऊन थंड पाणी प्यायले.

आणि मग समोर विचित्र प्रकार सुरू झाला. गर्दी वाढत होती आणि करी पॉइंटवालीचा चेहरा उतरत होता. तिची शेगडी भाजी-सांबाराची, दोन बर्नरची. एक बर्नर पूर्ण पुल्क्यांनी अडवला. सांबार उशिरा व्हायला लागलं, वरण करपायला लागलं. नवरा पिशव्या भरायचा सोडून तव्याशी उभा, हाताला फोड. जे गिऱ्हाईक चार भाज्या न्यायचं, ते रांग बघून परत फिरायला लागलं. उरले ते सगळे आठ रुपयांचे पुल्केवाले, आणि एकेका पुल्क्यामागे तिचंही माझ्यासारखंच पदरचं जात होतं. जितकी जास्त जिंकत होती तितकी जास्त बुडत होती.

एका दुपारी ती पुन्हा आली, पिठाच्या डब्यावर बसली. हातात मोठा रिकामा स्टीलचा डबा.

"अक्का, गलती हुई. मेरे मरद का दिल छोटा है."

"हौ, अंगूठा बड़ा है," मी म्हणाले.

ती हसली नाही. "पुल्का बंद करती मैं. उसमें मेरा सांबार मर गया. तुम मेरे कू पोळी देव. रोज सौ. मैं मेरे दुकान में बेचती."

मनातून मला उडी मारावीशी वाटली. वरून मी पदर नीट केला. "देती. दस."

"दस में लेके दस में बेचूँ क्या? आठ में देव."

"आठ? पूरे हैदराबाद में आठ में कौन देता?"

"तुमीच देते थे. पिछले महीने तक."

मी सिलिंडरवाल्यासारखं बोट आकाशाकडे केलं. आता ती हसली. मग आम्ही तासभर भांडलो, वकीलसाहेबांना लाजवेल असं. ती चटणी मागत होती, मी देत नव्हते. ती म्हणाली, महिन्याला हिशेब करू. मी म्हणाले, रोजचे रोज. शेवटी नऊ ठरले, चटणीशिवाय, आणि वर रोज एक सांबाराची पिशवी मला. गोंगुरा नक्को, हे मी दोनदा सांगितलं. विकायची दहाला, हे तिचं तिनंच सांगितलं. या वेळी बोर्डावर तिनं स्वतः लिहिलं आणि नवऱ्याला पाटीपासून लांब ठेवलं.

नवरा म्हणाले, "नऊला देऊन तुला तोटाच आहे." मग बराच वेळ पुटपुटत बसले. एकदम शंभर पोळ्या म्हणजे पाकिटं नाहीत, चटणी नाही, उरून लाडू होत नाहीत, तवा एकदा तापला की तापलेलाच. थोड्या वेळानं म्हणाले, "नाही, सुटतात. आठ-साडेआठला पडेल." आणि मी तोंड उघडायच्या आत घाईनं पुढं म्हणाले, "तुला धरून सांगतोय."

महिन्याभरात मला तिसरी बाई ठेवावी लागली. हॉस्टेलची मुलं थोडी माझ्याकडे परतली, थोडी समोरच राहिली. मला काय फरक? दोन्हीकडे पोळी माझीच. पण वकीलसाहेब परत आले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता. रोज संध्याकाळी माझ्या खिडकीसमोरून, मला दिसेल असे, काठी वाजवत रस्ता ओलांडायचे आणि समोरून चार पोळ्या घ्यायचे. दहा रुपयांना एक.

एका संध्याकाळी जाता जाता थांबले. राग ओसरला असावा. पाकीट छातीशी धरून म्हणाले, "बाई, बुरा मानू नका, पण खरं सांगतो. इतकी वर्षं तुमची पोळी खाल्ली. पण ह्या बाईच्या हाताची बात काही औरच. नरमाई बघा. पदर बघा. पैसे द्यायला दिल धजतं."

मागे देगलूरच्या बाईंनी तोंडात पदर कोंबला. त्यांच्याशेजारची तेलुगू बाई विचारायला लागली, काय म्हणाले, काय म्हणाले, आणि नवीन बाई लाटणं सोडून मधेच समजावून सांगायला लागली.

"शिका जरा त्यांच्याकडून," वकीलसाहेब म्हणाले.

"हौ वकीलसाहेब," मी म्हणाले, "उद्याच जाऊन बघते, कशी करते ते."

ते समाधानानं गेले. तेवढ्यात तव्यावरची पोळी जळली होती, ती मी खाल्ली.